हाताची बाराखडी

1 ऑगस्ट, शुक्रवार
अण्णाभाऊ साठेंची जयंती. धाराशिवच्या कॅम्पसवर हार, दोन भाषणं. एका मुलीने पोवाडा म्हटला. आवाज खणखणीत, दम भरपूर. कुणाकडे शिकलीस, विचारलं. म्हणाली, यूट्यूबवर.
बार्शी इथून हाकेच्या अंतरावर. शाहीर अमर शेख तिथले. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर. गोंधळी, आराधी, पोतराज सगळे आपल्या उंबऱ्याशी. आणि ही मुलगी मोबाइलपुढे बसून शाहिरी शिकते.
परतीच्या एसटीत ठरवलं. ऑक्टोबरात दोन दिवस. लोककला बघायच्या नाहीत, शिकायच्या. शिकवणारे तेच, जे रात्रभर उभं राहून ती करतात.

3 ऑगस्ट, रविवार
तेर. पाऊस थांबून थांबून. घरातले वडीलधारे अण्णा सकाळीच गोरोबा काकांच्या देवळात. तेरणेला गढूळ पाणी.
दुपारी संग्रहालयात गेले. रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव दारावर. गावच्या माणसाने गावची पांढर धुंडाळून हे सगळं जमवलं. शंखाच्या बांगड्या, मातीचे दिवे, मणी, मुद्रा. हस्तिदंती बाईसमोर बराच वेळ उभी राहिले. इटलीत पॉम्पेईला 1938 साली अशीच एक मूर्ती निघाली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये आपलं गाव ‘तगर’ म्हणून येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथलं सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं.
आज जगभरचे अभ्यासक या कपाटांसमोर येऊन टिपणं काढतात. आधी लामतुऱ्यांनी ओंजळीत धरलं, मग विद्यापीठांनी पाहिलं. माझा सगळा विश्वास या क्रमावर आहे.
अण्णा सांगतात, लहानपणी मोठा पाऊस झाला की पोरं मणी वेचायला कोट टेकडीकडे पळायची.

5 ऑगस्ट
कार्यशाळेला परवानगी मिळाली. विचारणा झाली, उद्घाटक कोण? म्हटलं, गोंधळी नाना. पुढे कुणी काही बोललं नाही. नाव लिहून घेतलं.

8 ऑगस्ट, शुक्रवार
उद्या जागतिक आदिवासी दिन. उद्या दुसरा शनिवार आणि राखीपौर्णिमा, म्हणून कार्यक्रम आजच उरकले. 9 ऑगस्ट 1982 ला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली. त्या दिवसाची आठवण म्हणून 1994 साली हा दिन जाहीर झाला. मुलांना एवढं सांगितलं.
संध्याकाळी शहरात एका कार्यक्रमाला गेले. नाच. कमरेला हिरवा प्लास्टिकचा पाला, गालावर पांढरे पट्टे, हातात पुठ्ठ्याचे भाले. टाळ्या पडल्या.
माझ्या वर्गातला एक मुलगा मागच्या खुर्चीवर होता. पारधी आहे. कळंबकडच्या पेढीवरचा, म्हणजे पारधी वस्तीवरचा. कार्यक्रम संपल्यावर जवळ आला.
“मॅडम, हे कुठले लोक म्हणायचे?”
उत्तर सुचलं नाही. तोच म्हणाला, “आमच्यात तर असं काहीच नसतं. मग मी आज कोण?” आणि गाडी चुकेल म्हणून गेला.

9 ऑगस्ट
राखी. भाऊ पुण्याहून आला, जेवून गेला. डोक्यात कालचा प्रश्न.

11 ऑगस्ट
ऑकलंडहून माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा लांबलचक निरोप. तिथल्या विद्यापीठाच्या आवारातच माओरी लोकांचं सभाघर आहे. वाइपापा मराए. 1988 पासूनचं. कोरीव खांब, खांबांवर पूर्वज. आत जाताना चपला बाहेर. पाहुण्याने थेट घुसायचं नाही. आधी बाईची हाक येते, मग चालू लागायचं. वडीलधारी मंडळी आधी बोलतात, प्राध्यापक नंतर. नाकाला नाक लावून भेट.
ती लिहिते, “मॅडम, मला इथे आजीच्या देवघराची आठवण आली. पण आपल्या विद्यापीठात आजी कुठे बसली असती?”
निरोप वहीत उतरवून ठेवते आहे. वर्गात वाचून दाखवायचा.

14 ऑगस्ट, गुरुवार
नानांकडे. तेरणेकाठचं गाव, पत्र्याचं घर, दारात तुळस. वय सत्तरीच्या पुढे. डोक्याला फेटा नव्हता. मला बघून घरात गेले, बांधून आले.
म्हटलं, नाना, पोरांना शिकवायचंय.
“शिकवायचं काय त्यात? रातभर बसा. आपोआप येतंय.”
आमच्याकडे रात्र नाही नाना, दुपार आहे.
हसले. मग नातवाला अंगणाच्या त्या टोकाला बसवलं, पाठ करून. माझ्या कानाशी आले. “एक नाव सांगा. हळू सांगा.” मी सांगितलं.
नातवाला हाक मारली. तो वळला. नाना तोंड मिटून उभे. आता फक्त हात. उजवा पंजा झाडासारखा वर, बोटं फांद्यांसारखी फाकलेली. मग एक बोट. मग चुटक्या, भराभर, सात. हात खाली. दुसरी खूण, मला धरता आली नाही. मग दोन बोटं.
“तेर!” नातू ओरडला. आठवीत आहे तो.
करपल्लवी. वाचून माहीत होती. डॉ. प्रभाकर मांडे सरांचं सांकेतिक आणि गुप्त भाषांवरचं पुस्तक माझ्या टेबलावर आहे. समोर घडताना प्रथमच पाहिली. नानांनी मग सावकाश उलगडून दाखवली. नागाची फणी म्हणजे स्वर. कमळ म्हणजे क-वर्ग. चक्र, च-वर्ग. धनुष्याचा टणत्कार, ट-वर्ग. तरू, त-वर्ग. पालवी, प-वर्ग. व्यंजनांच्या खुणेचं नाव वर्गाच्याच अक्षराने सुरू होतं, म्हणून विसरत नाही. वर्ग कळला की बोटं मोजायची. एक बोट त, दोन थ, तीन द. मग चुटकी. बाराखडीत ‘ते’ सातवा, म्हणून सात चुटक्या. य-वर्गात र दुसरा, म्हणून दोन बोटं.
व्यंजनांची पाच-पाचाची मांडणी मी दरवर्षी व्याकरणात शिकवते. फळ्यावर तक्ता काढते. पोरं जांभया देतात. इथे तोच तक्ता एका हातात मावतो आणि गर्दीवरून त्या टोकाला पोचतो.
नाना किती शिकलेत, विचारलं. दुसरी. “गुरुजींनी मारलं, पळून आलो. हे वडलांनी शिकवलं. त्यांनीबी मारलं, पण पळायला जागा नव्हती.”
चहा. निघताना सुनेने कुंकू लावलं.

18 ऑगस्ट, सोमवार
मानधनाचा नमुना. ‘तज्ज्ञाची शैक्षणिक अर्हता’ असा रकाना. लिपिककाका पेन धरून माझ्याकडे बघतात. म्हटलं, लिहा: परंपरेने गोंधळी, गुरू वडील, अनुभव साठ वर्षांहून जास्त. काकांनी लिहिलं. मग म्हणाले, “आमच्या घरीबी ह्यांच्यातलेच येतात, लग्नाच्या गोंधळाला. सगळ्यांत आधी त्यांचं बिल काढू.”

22 ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. अण्णांच्या चुलतभावाकडची बैलजोडी दारात. शिंगांना बेगड, अंगावर झूल. वाजंत्री गावातलीच.
वासुदेव कित्येक वर्षांत गल्लीत आलेला नाही. अण्णांना विचारलं. “कुणी दाणे घालीना, म्हणून येईना.”

23 ऑगस्ट
आमच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वर्धापन दिन. 23 ऑगस्ट 1958. मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा होऊन दहा वर्षं होत होती. त्याआधी इथल्या पोरांची पदवी हैदराबादच्या विद्यापीठाची असायची. आज धाराशिवला उपपरिसर आहे, आणि पेढीवरचा मुलगा एसटीचा पास काढून वर्गात येतो. हे थोडं नाही.
मांडे सर याच विद्यापीठात मराठी शिकवायचे. भटक्यांच्या पालांवर जाऊन बसायचे. ‘गावगाड्याबाहेर’ त्यातून आलं. 2023 ला पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरात सर गेले. ज्यांच्या बोली सरांनी टिपल्या त्यांची नातवंडं आता बाकावर बसलीत. पुढचं काम आमचं आहे.

27 ऑगस्ट
गणपती बसले. कोपऱ्यावरच्या मंडळाचा स्पीकर. वाचन शून्य.

31 ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या आल्या. मुखवटे, साड्या, पावलं. उद्याच्या स्वयंपाकाची पीठं दळून आणली.
आजच विमुक्त दिन. 31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. देश 1947 ला सुटला, हे लोक पाच वर्षांनी. सोलापूरला सेटलमेंट होती, काटेरी तारेतली. हजेरी द्यायची. जन्मालाच गुन्हा.
वर्गातल्या पारधी मुलाने फोटो पाठवला. पेढीवर झेंडा. दहा-बारा माणसं, उघडी पोरं, एक म्हातारी काठी टेकून उभी. खाली लिहिलंय, “मॅडम, आमचा 15 ऑगस्ट.”
पूजेच्या घाईत उत्तर द्यायचं राहिलं. रात्री उशिरा दिलं. “तुझं आणि आजीचं अभिनंदन. आजीला माझा नमस्कार सांग.”

8 सप्टेंबर
युवक महोत्सवाच्या तालमी. भारूड, पोवाडा, लावणी, भजन. जलसा आमच्या विद्यापीठाचा मान. सत्यशोधकांनी आणि आंबेडकरी शाहिरांनी गावोगाव पोचवलेला प्रकार अजून मुलांच्या तोंडी आहे, स्पर्धेत उतरतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.
वासुदेवाची मोरपिसांची टोपी भाड्याने आणली. ज्याने घातली तो मुलगा वासुदेवाला कधीच भेटलेला नाही. त्याला म्हटलं, दिवाळीत बाहेर पड, शोध एखादा. टोपीतली किती पिसं कुठून आली ते विचार त्याला. तोंड बारीक करून “हो” म्हणाला.

10 सप्टेंबर, बुधवार
पारधी मुलाला विचारलं, कार्यशाळेत पाखरांचे आवाज काढशील? त्याला तितर, लावा, टिटवी सगळे येतात. मित्र सांगत होते.
“स्टेजवर नाही मॅडम.”
का?
“आज टाळ्या वाजवतील. उद्या गावात चोरी झाली की म्हणतील, तोच तो.”
थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “माळावर चला. तिथं सांगतो. आवाज कधी काढायचा, कधी नाही, हे माळावरच सांगता येतं.”
मग मला काही विचारायचं आहे म्हणाला. पिशवीतून फाईल काढली. जात पडताळणी. पणजोबांचा दाखला हवा. “पणजोबा शाळेत गेले नाहीत. जमीन नाही, म्हणजे सातबारा नाही. एका जागी राहिले नाहीत, म्हणजे गाव नाही. त्यांचं नाव एकाच जागी लिहिलेलं सापडेल मॅडम. पोलीस ठाण्यात.”
ते कागदही पुरावा म्हणून मागवता येतात का, वकिलाला विचारायचं. लिहून ठेवलं.

11 सप्टेंबर
वकील म्हणाले, जुन्या नोंदी जरूर मागवा, अर्ज करा. अर्ज लिहिला. मुलाने सही केली, ठसठशीत.

14 सप्टेंबर, रविवार
आई भवानी आजपासून मंचकी निद्रेत. घटस्थापनेला उठेल. तुळजापूरला आराधी आजींना भेटायला गेले. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट. महाद्वाराच्या बाजूला परडी मांडून बसल्या होत्या.
कॅम्पसवर या म्हटलं. आजींच्या अटी: पोत पेटल्याशिवाय गाणार नाही. चपला काढून बसायचं. जोगवा मागितला की कुणी रिकाम्या हाताने राहायचं नाही. आणि नवरात्रात नाही. दसरा झाला की देवी पुन्हा निजते, कोजागिरीला उठते. त्यानंतर बोलावू तेव्हा येतील.
तारीख ठरली. 10 आणि 11 ऑक्टोबर.
सभागृहात आग चालणार नाही. बाहेर, लिंबाखाली बसायचं.

17 सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन, मग तास. दुपारपासून पाऊस.

20 सप्टेंबर
पाऊस.

22 सप्टेंबर, सोमवार
घट बसले. पाऊस उभा आहे. परंडा, भूमकडच्या बातम्या वाईट. गावं पाण्यात, माणसं छपरांवर. एनडीआरएफची पथकं. आमची तेरणा पुलाला टेकली. सोयाबीन काढणीला आलं होतं.
पेढीवर फोन लागत नाही.

23 सप्टेंबर
फोन बंद.
अण्णा देवळाच्या पायरीवरून पाणी बघून येतात, काही बोलत नाहीत.

24 सप्टेंबर
नानांचा नातू भेटला ढोकीत. घरात कमरेएवढं पाणी होतं. माणसं ठीक. संबळ वाहून गेला नाही, पण चामडं फुगून सैल. तुणतुण्याची तार तुटली.
पेढी? माहीत नाही म्हणाला.

25 सप्टेंबर, गुरुवार
लागला. पेढीवरची सगळी माणसं झेडपीच्या शाळेत आहेत. दोन शेळ्या गेल्या. पाल फाटलं. वह्या भिजल्या.
“फाईल?”
“आईनं डोक्यावर धरली होती मॅडम. पोराला काखेत नि फाईल डोक्यावर.”

27 सप्टेंबर
कार्यशाळा पुढे ढकलू या, असा सूर. शिवारं कुजली आहेत, कुणाच्या अंगात नाचगाणी? मलाही तसंच वाटलं दोन दिवस. नानांना फोन केला. म्हटलं, पुढे ढकलू.
नाना म्हणाले, “बाई, ह्या सालात लग्नं कमी होणार. गोंधळाची सुपारी कोण देतंय? तुमच्याकडं दोन दिवसाचं काम हाय. ते मोडू नका.”
मोडणार नाही. मानधनाचा अर्धा भाग आगाऊ मिळावा, असा अर्ज केला.

29 सप्टेंबर
मुलांनी वर्गणी काढली. वह्या, चादरी, तेल, डाळ. टेम्पो गेला. आगाऊ रकमेला मंजुरी.

2 ऑक्टोबर
दसरा. आपट्याची पानं द्यायला शेजारी आले. बोलणं सगळं पंचनाम्याचं.

7 ऑक्टोबर
काल कोजागिरी. तुळजापूरची वाट रात्रभर पायी चालणाऱ्यांनी भरलेली. या वर्षीही आले. चिखल तुडवत आले.

10 ऑक्टोबर, शुक्रवार
लिहायला बसले तेव्हा रात्रीचे अकरा. हात दुखतात, गळा बसला. लिहून टाकते.
नानांनी संबळ तुळजापूरच्या मेव्हण्याकडून आणला. सकाळी आधी कागद पेटवून चामडं शेकलं. मुलं भोवती. एका काडीचं टोक वाकडं का, एकाने विचारलं. नाना म्हणाले, सरळ काडीनं वाजवून बघ, मग वाकडीनं. वाजवलं त्याने. कान देऊन ऐकलं सगळ्यांनी. कुणी काही समजावून सांगितलं नाही.
चौक मांडला. तांदूळ, सुपारी, कलश, दिवटी. कोणती ओळ आधी ओढायची यावर नातवाला दोनदा थांबवलं.
मग करपल्लवी. मुलांच्या दोन रांगा, मधे वीस पावलं. पहिला तास नुसता हशा. कमळाचं चक्र, चक्राचं कमळ. ‘सोनाली’ सांगायचं होतं, तिकडे भलतंच पोचलं. दुपारपर्यंत बोटं वळली. जेवणाच्या रांगेत मुली एकमेकींना हातांनी भाजीचं नाव सांगत होत्या.
तिसऱ्या प्रहरी नानांनी पारधी मुलाला पुढे बोलावलं. याला आवाज काढायला लावतील की काय, म्हणून माझा जीव वर. नाना म्हणाले, “तुमच्या बोलीत तितराला काय म्हणतात? तोंडानं नको सांगू. हातानं सांग.”
तो उभा राहिला. पंजा वर केला. घाई नाही. खूण, बोट, चुटक्या. पुन्हा खूण. समोरची रांग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेली. शेवटी चाळीस तोंडांनी तो शब्द अख्खा म्हटला. त्याच्या पेढीबाहेर तो शब्द एवढ्या माणसांनी एकत्र याआधी कधी उच्चारला असेल?
त्याने मान हलवली. “बरोबर.” मग दुसरा शब्द. मग तिसरा. थांबेचना. लाव्याचा, टिटवीचा, सशाचा, पावसाचा. मुली वहीत उतरवून घेऊ लागल्या. नाना मांडी घालून बसले आणि स्वतःच ओळखू लागले. दोघांत चढाओढ लागली. एकदा नाना चुकले. मुलाने हात धरून त्यांचं बोट नीट केलं, आणि लगेच पाया पडला.
संध्याकाळी लिंबाखाली आराधी. पोत पेटला. चपलांचा ढीग दूर. आजींनी जोगवा मागितला, आमच्याकडे काहीच नाही. कॅन्टीनवाले मामा पळत जाऊन पीठ, मीठ, तांदूळ घेऊन आले. मुठीमुठीने परडीत पडलं. त्यानंतरच आवाज लागला. साठीच्या बाईचा तो आवाज माइकशिवाय पार फाटकापर्यंत.
1 ऑगस्टला पोवाडा म्हणणारी मुलगी आजींच्या मागे झील धरून बसली होती. आजींनी तिच्या पाठीत थाप मारली. “पोटातून काढ. गळा कशाला फाडतीस?”

11 ऑक्टोबर, शनिवार
माळावर. जमीन अजून ओली. प्राणिशास्त्राची मुलंही आली होती, दुर्बिणी घेऊन.
पारधी मुलगा पुढे, आम्ही मागे. सांगत गेला. लाव्याचा माग. तितर पहाटे कुठून बोलतो, भर उन्हात का बोलत नाही. गवताच्या कोणत्या उंचीत अंडी असतात, म्हणून तिथे जनावर घालायचं नाही. अंडी घालायच्या दिवसांत फासा लावायचा नाही, हा त्याच्या आजीचा नियम. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. त्याचं म्हणणं, “बंद झाली ते ठीक. पण जे माहीत होतं तेबी बंद झालं. कुणी विचारलंच नाही.”
वऱ्हाडात अकोला-वाशिमकडे विचारलं गेलं. तिथे तणमोर वाचवायच्या कामात फासेपारधी सोबत आहेत. हे मी मुलांना सांगितलं. त्याने आधी ऐकलं नव्हतं. पुन्हा विचारलं, कोण लोक, कुठं, पैसे मिळतात का.
एका बांधाआड सगळ्यांना बसवलं. बोलायचं नाही म्हणाला. ओठांवर दोन बोटं ठेवून आवाज काढला. एकदा. बराच वेळ काही नाही. पुन्हा एकदा. पलीकडच्या तुरीतून उत्तर आलं.
प्राणिशास्त्राच्या मुलीने वहीत वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली. मग त्यालाच विचारलं, “आणखी काय लिहू?”
तो तिला सांगत बसला. मी उठून दुसऱ्या मुलांकडे गेले.

13 ऑक्टोबर, सोमवार
आजींचं, नानांचं मानधन जमा. लिपिककाकांनी शब्द पाळला.
विभागात मांडलं: पुढच्या सत्रात आठवड्यातून एक तास नानांचा. पाहुणे म्हणून नव्हे, वेळापत्रकात. लोकसाहित्याच्या प्रात्यक्षिकाचे गुण तेच देतील. चर्चा झाली. गुणांचं काय करायचं यावर मतभेद आहेत, तो मुद्दा अभ्यास मंडळापुढे न्यावा लागेल. तासाला कुणाची हरकत नाही.
माझं म्हणणं मी लिहून दिलं. जो शिकवतो त्याच्या हाती गुण नसतील तर पोरं त्याला पाहुणाच समजतील. यावर मी मागे हटणार नाही.
शब्दांची यादी मुलींनी स्वच्छ करून आणली. पाखरं, गवतं, पाऊस, नाती. खाली कुणाचं नाव घालायचं? मुलगा म्हणाला, माझ्या आजीचं घाला. आजीला फोन लावून विचारलं. तिला आधी वाटलं, पोलिसांचा कागद आहे.

15 ऑक्टोबर
पोलीस नोंदींच्या अर्जाला पोच मिळाली. शिक्का आहे, तारीख आहे. मुलाने लगेच फाईलला लावली. नवीन फाईल घेतली त्याने, प्लास्टिकची, चेनवाली.

17 ऑक्टोबर, शुक्रवार
वसुबारस. सुट्ट्या लागल्या. यंदा बाजारात गर्दी नाही. तेरला येताना दोन्ही बाजूंनी काळी पडलेली शेतं.
नानांचा फोन. दिवाळीनंतर सोमवारपासून यायचं ना, कोणत्या गाडीनं येऊ? सकाळची ढोकीवरून मिळेल, म्हटलं. तिकिटाचं काय? पंच्याहत्तरी झाली असेल तर एसटीत फुकट आहे नाना, आधार कार्ड ठेवा जवळ.
“कार्डावर माझं वय चार वरसानं कमी लिवलंय बाई.”
सुट्टी संपली की त्यांना घेऊन आधार केंद्रावर जायचं. शाळेचा दाखला मागतील. दुसरीपर्यंत होते, म्हणजे दाखलखारीज रजिस्टरला नाव असणार. शाळा कोणती ते उद्या विचारते.